राउंडक्यूबमध्ये सगळ्यांचे ईमेल बदलताना

भाऊ, राउंडक्यूब म्हणजे ब्राउझरमधून मेल पाहायचं सॉफ्टवेअर; तुमच्या सीताबर्डीच्या ऑफिसचं डोमेन (ईमेलमधला @ नंतरचा भाग) बदलून राहिलं ना, मग आधी मायएसक्यूएलडंपने (डेटाबेसची प्रत काढायचा प्रोग्राम) राउंडक्यूबच्या डेटाबेसचा पूर्ण बॅकअप घे. पाठवणाऱ्याचा पत्ता आयडेंटिटीज टेबलच्या ईमेल कॉलममध्ये असते, युजर्स टेबलमध्ये नाही, म्हणून रिप्लेस (जुना मजकूर काढून नवा टाकणारं फंक्शन) वापरून अपडेट (बदल करायची कमांड) तिथं मार, पण आधी तीच व्हेअर (कोणत्या रो घ्यायच्या ती अट) सिलेक्टला (रो फक्त दाखवणारी कमांड) लावून किती रो येतात ते बघ, व्हेअरशिवाय एंटर दाबूच नको बरं. अन् लॉगिन पूर्ण ईमेलने होत असेल तर युजर्समधलं युजरनेमही बदलावं लागते, नाहीतर नवीन पत्त्याने लॉगिन केलं की राउंडक्यूब नवाच युजर बनवते अन् माणसाला जुने कॉन्टॅक्ट, सेटिंग काहीच दिसत नाही, लोकं लय घाबरतात ना बावा. टेबल इनोडीबी प्रकारचं असेल तर ट्रान्झॅक्शनमध्ये चालव (कमिट करेपर्यंत बदल मागे घेता येते), सिलेक्टमधल्या रोंचा आकडा जुळला तरच कमिट, म्हणजे बदल पक्का कर. रिप्लाय-टूचा (उत्तर ज्या पत्त्यावर जाते त्याचा) कॉलम वेगळा आहे, तोही बघून घे.