काठी हलवणाऱ्याचा एवढा मान का?

प्रश्न : भावे नाट्यमंदिरात संगीत नाटकं बघत वाढले. आपल्याकडे ऑर्गनवाला नटाच्या मागं जातो. मग इटलीच्या ऑपेरात, म्हणजे तिथल्या संगीत नाटकात, काठी हलवणाऱ्याला जगभरातून बोलावणी का येतात? — एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तिथं नटाला त्या काठीकडं बघून गावं लागतं. वादक खाली खड्ड्यात, गायक वर. दोघांनाही दिसणारा माणूस एकच.

आणि बाहेरची वाट जुनीच. इटलीतली थिएटरं उन्हाळ्यात थंडावायची, तेव्हा दक्षिण अमेरिकेत हंगाम असायचा. मंडळ्या जहाजानं निघायच्या. अशाच एका दौऱ्यात, १८८६ साली, रिओत ‘आयदा’ या ऑपेराच्या वेळी कंडक्टरवरून, म्हणजे काठी हलवणाऱ्यावरून, गोंधळ उडाला, प्रेक्षक खवळले. चेलो (मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य) वाजवणाऱ्या १९ वर्षांच्या आर्तुरो तोस्कानिनीला वर ढकललं. पठ्ठ्यानं समोरची स्वरलिपीची वही मिटली आणि अख्खा ऑपेरा तोंडपाठ चालवला! नजर अधू असल्यानं पाठ करणं त्याला भागच होतं म्हणा. १९०८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराला गेला. १९३१ मध्ये इटलीतल्या बोलोन्यात फॅसिस्टांचं गीत वाजवायला नकार दिला म्हणून मार खाल्ला, पुढं अमेरिकेतच राहिला.

नंतरचे इटालियन कंडक्टर क्लाउदिओ आब्बादो मिलानहून व्हिएन्ना, बर्लिनला गेले. दुसरे रिकार्दो मुती २०१० ते २०२३ शिकागोत होते. मला विचाराल तर आधी मुती ऐका.