जोडीदार समोर आला की अंग आखडतं

प्रश्न : मी 20 वर्षांची आहे. लहानपणापासून नृत्य शिकते, एकटीने चांगली नाचते. स्पर्श, श्वास, माणसामाणसांतली जवळीक यांवर काम करणाऱ्या कंटेम्पररी डान्स कंपनीत मला जायचंय. पण दोन ऑडिशनमध्ये जोडीदाराबरोबरच्या फेरीत बाद झाले. कोणी हात लावला की अंग आखडतं. आई म्हणते, यात पोट भरणार नाही. आणखी एखादी शैली शिकू का?

उत्तर : नवी शैली आत्ता नको. आरशासमोर एकटीने नाचून नाचून आपण कसे दिसतोय याकडेच लक्ष राहतं. या कामात मात्र वजन कुठे आहे, हे कळावं लागतं. त्यासाठी कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन शिक, म्हणजे जोडीदाराशी स्पर्श ठेवून, एकमेकांना वजन देत-घेत उत्स्फूर्त हलण्याचा सराव. नर्तक स्टीव्ह पॅक्सटन यांनी 1972 मध्ये अमेरिकेत त्याची सुरुवात केली.

आधी त्यांचा ‘स्मॉल डान्स’ एकटीने कर. गुडघे सैल ठेवून, डोळे मिटून 10-15 मिनिटं नुसतं उभं राहायचं. तोल सांभाळताना घोटे आणि पोटऱ्या सतत बारीक हलत असतात. ते थांबवायचं नाही, फक्त जाणवून घ्यायचं. सुरुवातीला कंटाळा येईल, येऊ दे.

मग जोडीदाराच्या पाठीला पाठ लाव. दोघांनी आपापले पाय पाऊलभर पुढे ठेवून एकमेकांवर रेलायचं, तसंच सरकत खाली बसायचं आणि उठायचं. नवखे इथे हमखास फसतात. रेलल्यासारखे दिसतात, पण वजन स्वतःच्याच पायांवर ठेवतात. जोडीदाराने सांगून जरासं अंग काढून घेतलं आणि तुझा तोल ढळलाच नाही, तर तू रेललीच नव्हतीस असं समज. एकदम झोकूनही द्यायचं नाही. दोन-तीन श्वासांत वजन वाढवत न्यायचं.

समोरासमोर मागे झुकताना एकमेकांची मनगटं धरा. बोटांत बोटं अडकवलीत आणि पाय घसरला, तर बोटं पिरगळतात. भार घ्यायचा तो कटीच्या हाडावर, मांडीच्या वरच्या भागावर किंवा खांद्याच्या पात्यांमधल्या पाठीवर. मानेवर आणि गुडघ्यावर कधीच नाही. उचलताना आधी स्वतः खाली बसून जोडीदाराच्या कटीखाली यायचं आणि पायांच्या जोरावर उठायचं. नुसत्या हातांनी उचलायला गेलीस की कंबर धरलीच. पडताना हात ताठ टेकवू नकोस, मनगट दुखावतं. अंग गोल करून मांडी, कुल्ला, पाठ असं क्रमाने लोळत जा.

आता आखडण्याबद्दल. पडायच्या भीतीने आखडत असशील, तर सरावाने ते जाईल. स्पर्शच नकोसा वाटत असेल, तर तो दोष मानू नकोस. कुठे हात लावलेला चालेल आणि कुठे नाही, हे तालमीआधी स्पष्ट सांग. चांगल्या तालमीत हे बोलणं रोजचंच असतं. जिथे ‘नाही’ म्हटल्यावर हसतात, तिथून सरळ बाहेर पड.

ऑडिशनमध्ये करामती दाखवायच्या फंदात पडू नकोस. समोरच्याचा कल ओळखून तू बदलतेस का, हे पाहणाऱ्याला लगेच कळतं. श्वास रोखलास की छाती आणि खांदे घट्ट होतात, म्हणून संपर्क होताच श्वास सोड. सुरुवात स्पर्शाच्या एकाच जागेने कर, उदाहरणार्थ कोपरापासून मनगटापर्यंतचा हात. काही सुचलं नाही तर थांब. थांबणंही चालतं, घाईची उडी चालत नाही.

आईंची शंका मात्र रास्त आहे. कायम पगाराच्या जागा थोड्या असतात, बाकी काम प्रोजेक्टगणिक मिळतं. त्यामुळे शिकवण्याचं प्रशिक्षण आत्ताच सुरू कर. शरीराची हीच जाण रंगमंचाबाहेरही उपयोगी पडते. मार्क मॉरिस डान्स ग्रुपने पार्किन्सन्सच्या (कंपवाताच्या) रुग्णांसाठी 2001 मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला नृत्यवर्ग सुरू केले, आणि आज असे वर्ग अनेक देशांत चालतात. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं, नुसतं चांगलं नाचता येणं पुरत नाही.

पुढचे तीन महिने आठवड्यातून दोनदा सराव कर, तोही वेगवेगळ्या उंची-वजनाच्या जोडीदारांबरोबर. एकाच मैत्रिणीबरोबर केलास तर तिच्याच अंगाची सवय होईल, आणि ऑडिशनला समोर कोण येईल हे काही तू ठरवत नाहीस.