AI एजंटसाठी टूलचं वर्णन लिहिताना

भावा, मार्केट यार्डातल्या गूळ सौद्यांचे दर सांगणारं टूल झकास झालंय, वर्णन मात्र तोकडं आहे. "गुळाची माहिती देतं" एवढ्यावर AI एजंट, म्हणजे प्रश्न वाचून कुठलं टूल वापरायचं ते स्वतः ठरवणारा प्रोग्रॅम, काय ठरवणार? त्याला तुझा कोड दिसत नाही. दिसतं ते टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर, म्हणजे टूलला द्यायची माहिती (तारीख वगैरे).

सध्या एवढंच कर:

- टूल कधी वापरायचं आणि कधी नाही, दोन्ही लिही. "फक्त झालेल्या सौद्यांचे दर; उद्याचा अंदाज देत नाही." नवी मंडळी दुसरा भाग हमखास विसरतात.
- एकक लिही. दर क्विंटलचा की रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा? रवे वेगवेगळ्या वजनाचे असतात. एजंट दर वेळी विचारेलच असं नाही. तो अंदाज बांधून मोकळा होतो आणि शेतकऱ्याच्या हातात चुकीचा आकडा पडतो. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तारखेचंही तसंच: 04-03 म्हणजे 4 मार्च की 3 एप्रिल? 2025-03-04 असा नमुनाच दे.
- "अवैध इनपुट" असा एरर नको. "या तारखेला सौदे नव्हते, आधीची तारीख द्या" असं सांग.

ऑथेंटिकेशन (कोण वापरतंय ते तपासणं), व्हर्जनिंग (टूलच्या आवृत्त्या सांभाळणं) नंतर बघू. आधी शेतकरी विचारतील तसे प्रश्न टाकून एजंट टूल नीट निवडतोय का, ते तपास.