व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांनी दिवस राहायला मदत होते का? आम्ही दोघांनीही घ्याव्यात का?

नुसत्या गोळीच्या भरवशावर राहू नका. आहारात सी कमी पडत असेल तरच तिचा उपयोग. हे जीवनसत्त्व शुक्राणूंमधल्या डीएनएची झीज रोखतं असं मानतात, म्हणून पुरुषांना सुचवतात. पण 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मॉक्सी चाचणीत पुरुषांना रोज 500 मिलिग्रॅम सी, सोबत ई, झिंक वगैरे देऊनही वीर्याची प्रत सुधारली नाही, मुलं होण्याचं प्रमाणही वाढलं नाही. बायकांसाठीही ठोस पुरावा नाही. रोजची गरज पुरुषाला 80, बाईला 65 मिलिग्रॅम; एक मध्यम पेरू खाल्लात तरी भागते. मुतखडा झालेला असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय 500 ची गोळी रोज चघळू नका. आणि वर्षभर प्रयत्न करूनही (बाई पस्तिशीपुढची असेल तर सहा महिने) दिवस राहिले नसतील, तर दोघांच्याही तपासण्या करा, वीर्यतपासणी आधी.