बायोलॉजीच्या ढिगातून काय वाचायचं?

जूनचा शेवट, बाहेर धो धो पाऊस. फोंड्याजवळच्या एका गावातून आई आणि बारावीतली मुलगी माझ्याकडे आली होती. मुलीला बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जायचंय, म्हणून नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी. आईने पिशवीतून एकेक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. अकरावी-बारावीची एनसीईआरटी, क्लासच्या नोट्स, मावसभावाची तीन जाडजूड गाइडं. "मॅडम, दिवसभर वाचत असते. पण नेमकं काय वाचायचं हेच तिला कळेना झालंय."

दरवर्षी मुलं हा प्रश्न घेऊन येतात, आणि त्यात आळस क्वचितच असतो.

मी मुलीला विचारलं, "या महिन्यात काय केलंस?"

"वनस्पतींमधलं वहन आणि खनिज पोषण. अगदी नीट केलंय."

ऐकून जीव तुटला. ही दोन्ही प्रकरणं 2024 च्या परीक्षेपासून नीटच्या सिलॅबसमध्ये नाहीत. पचनाचं आणि पर्यावरणाच्या समस्यांचं प्रकरणही त्याच वेळी गेलं. मावसभावाने परीक्षा दिली ती त्याआधी. त्याने पुस्तकं मायेनेच दिली होती, पण पोरीचा महिना गेला. तिचे डोळे भरून आले. "यात तुझी काही चूक नाही," मी म्हटलं, आणि चालू वर्षाचा सिलॅबस छापून तिच्या हातात दिला.

मग तिचं एनसीईआरटी उघडलं. पेशीचक्राचं पान वरपासून खालपर्यंत पिवळ्या हायलायटरने रंगलेलं. पुस्तक मिटून मी विचारलं, "माणसाच्या पेशीचं चक्र साधारण 24 तासांचं. त्यात प्रत्यक्ष विभाजनाला किती वेळ लागतो?" ती गप्प. उत्तर त्याच पानावर होतं, सुमारे एक तास. चार वेळा वाचलंय, म्हणाली. वाचलं होतंच. पण पुस्तक मिटून स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

नीटमध्ये 180 पैकी 90 प्रश्न बायोलॉजीचे, म्हणजे 720 पैकी 360 गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. इथे अर्धवट ओळखीचं वाक्यच घात करतं. म्हणून तिला एकच काम दिलं. सिलॅबसमधला एकेक मुद्दा घ्यायचा, पुस्तक मिटून आठवेल ते लिहायचं, आकृतीसुद्धा नावांसकट काढायची, आणि समोर खूण करायची: येतं, अर्धवट, येत नाही. गाइडं तूर्त कपाटात. क्लासने दिलेली 'महत्त्वाच्या प्रकरणांची' यादीही बाजूला, कारण तिला काय येत नाही हे त्या यादीला कुठून ठाऊक असणार?

दोन आठवड्यांनी ती एकटीच आली, बसने. कागद घड्या घालून मऊ झाला होता. शरीरक्रियाशास्त्राची तिला धास्ती होती, पण तिथे बहुतेक 'येतं'. आनुवंशिकतेला मात्र, जी तिला सगळ्यात सोपी वाटायची, 'अर्धवट'ची रांगच्या रांग.

"मॅडम, मला वाटत होतं हे मला येतं."

डीएनएची प्रतिकृती कशी बनते, तिथून आम्ही त्याच दुपारी सुरुवात केली.