वाचकांचे प्रश्न: हुसाविकला देवमासे बघायला जाताना

प्रश्न : सर, नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलगी आणि जावई कोपनहेगनला असतात. येत्या जूनमध्ये ते मला आइसलँडला नेणार आहेत. तिथे हुसाविक गावी एक पूर्ण दिवस देवमाशांसाठी ठेवलाय, बोटीची एक फेरी सकाळी आणि एक संध्याकाळी. संध्याकाळची फेरी वेगवान रबरी बोटीने करू, असं जावई म्हणतात. माझे गुडघे दुखतात, मला एसटी लागते, आणि समुद्र मी दमणला काठावरूनच पाहिलाय. सासूबाई म्हणतात, "तठे काय शे, निस्तं पानीच ना!" एवढा खर्च करून काही दिसलंच नाही तर?
*– एक वाचक, चाळीसगाव*

उत्तर : ताई, जरूर जा. दोन्ही फेऱ्या करा, पण दोन्ही लाकडी बोटीने. जावयांना माझ्या नावाने सांगा की रबरी बोट लाटेवर आपटत जाते आणि तो दणका थेट कंबरेत आणि गुडघ्यात बसतो. ज्यांना पाठीचा, सांध्यांचा त्रास आहे त्यांना बोटवाले स्वतःच नको म्हणतात. हुसाविकला जुन्या मासेमारीच्या ओक लाकडाच्या बोटी नीट करून वापरतात. त्या संथ चालतात, त्यांना बसायला बाकं असतात, धरायला कठडा असतो. फेरी साधारण तीन तासांची असते.

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं, देवमाशाची चित्रं फळ्यावर काढली, पण त्याचा श्वास ऐकला तो हुसाविकच्या उपसागरात. इंजिन बंद केलं होतं. बोटीवर कोणी बोलत नव्हतं. बाजूलाच पाणी फुटलं आणि 'फूऽऽ' असा एवढा मोठा उच्छ्वास आला की छातीत जाणवला. मागोमाग माशांचा उग्र वास. हे जनावर आपल्यासारखंच फुप्फुसांनी हवा घेतं, पिल्लांना दूध पाजतं, हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असेल. खरं कळलं ते त्या वासाने. म्हणून आधी सांगतो, डोळ्यांइतकेच कानही उघडे ठेवा.

देवमासे तिथे येतात ते खाण्यासाठी. उन्हाळ्यात तिथे दिवस मावळतच नाही म्हटलं तरी चालेल, शिवाय त्या उपसागरात दोन नद्या येऊन मिळतात. भरपूर उजेड आणि नद्यांनी आणलेलं खनिज, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर क्रिल नावाचे झिंग्यासारखे जीव, मग लहान मासे, आणि या सगळ्यांवर देवमासे. तुम्हाला दिसण्याची सर्वांत जास्त शक्यता हंपबॅक जातीच्या देवमाशाची. लांबी तेरा ते सोळा मीटर, वजन तीस टनांच्या आसपास. हिवाळ्यात तो कॅरिबियनकडच्या उबदार पाण्यात जातो, तिथे पिल्लं होतात आणि त्या काळात तो जवळजवळ उपाशीच असतो. जूनमध्ये कधीकधी निळा देवमासाही येतो. त्याचा फवारा नऊ मीटरपर्यंत सरळ उंच जातो, हंपबॅकचा बुटका आणि झुडपासारखा असतो. दुरून ओळखायची खूण तीच.

बोटीवरचा वाटाड्या घड्याळाच्या भाषेत ओरडतो. बोटीचं नाक म्हणजे बारा, उजवा हात तीन, पाठीमागे सहा. "दोन वाजता!" असं ऐकलं की उजवीकडे पुढे बघायचं, मनगटाकडे नाही. हंपबॅक काही वेळा वर येऊन श्वास घेतो, मग पाठीची कमान होते आणि शेपूट पूर्ण उचलली जाते. याचा अर्थ तो खोल गेला, आता पाच-दहा मिनिटं थांबायचं. जिथे बुडाला तिथे पाण्यावर तेलासारखा गुळगुळीत गोल डाग राहतो, तोही बघा. शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे ठसे प्रत्येकाचे वेगळे असतात. त्यांच्या फोटोंवरून अभ्यासक एकेक प्राणी ओळखतात आणि वर्षानुवर्षं त्याची नोंद ठेवतात. तुम्ही फोटो काढणार असाल तर तोच एक काढा, बाकी वेळ फोन खिशात.

बस लागते म्हणता, तर बोटही लागेल असं धरूनच चला. उपाशी जाऊ नका आणि तळलेलं खाऊन जाऊ नका. आपली दशमी यासाठी उत्तम, कोरडी आणि पोटाला आधार देणारी. सोबत आलेपाक ठेवा. मळमळीची गोळी बोट सुटण्याआधी घ्यावी लागते, पण तुमच्या इतर गोळ्यांसोबत चालेल का ते चाळीसगावच्या डॉक्टरांना आत्ताच विचारा. बोटीच्या मध्यभागी बसा, हलणं तिथे सगळ्यात कमी. खाली केबिनमध्ये जाऊ नका, नजर क्षितिजावर ठेवा.

कपड्यांचं : आपण जळगावचा पंचेचाळीस अंशांचा मे भोगून जाणार आणि तिथे जूनमध्ये दहा अंश म्हणजे चांगली हवा. त्यात समुद्राचा वारा. बोटवाले अंगभर जाड सूट देतात, तो साडीवर चढत नाही. लोकरी मोजे, कानटोपी, हातमोजे आणि सलवार किंवा पँट न्या.

दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात बंदराजवळचं देवमाशांचं संग्रहालय चुकवू नका. 1997 साली सुरू झालेलं आहे. तिथे निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. पोहायच्या पुढच्या वल्ह्यात नीट बघा, आत आपल्यासारखी बोटांची हाडं दिसतील. शाळेत शिकवलेल्या बाईंना याहून जास्त काय सांगू.

आता नाही दिसला तर? बरेच बोटवाले दुसऱ्या फेरीचं तिकीट देतात, पैसे भरण्याआधी विचारून घ्या. शिवाय तुमच्या दोन फेऱ्या आहेत, सकाळची कोरडी गेली तरी संध्याकाळची हाताशी आहे. आणि सासूबाईंना सांगा, पाणी तर आहेच, पण त्यात पफिन नावाचे लाल-केशरी चोचीचे पक्षी आहेत, पांढऱ्या चोचीचे डॉल्फिन आहेत. एक विनंती मात्र मनापासून. बोट देवमाशाच्या वाटेत आडवी घालणारा, त्याच्या मागे पळवणारा चालक भेटला तर जावयांना इंग्रजीत स्पष्ट नाराजी सांगायला लावा. देवमासा तिथे वर्षाचं पोट भरायला आलेला असतो, त्याचा घास आपल्या हौसेसाठी मोडू नये.

प्रश्न : नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्यावर आलं होतं. लोकांनी खूप धडपड करून समुद्रात सोडलं, तरी ते वाचलं नाही. असं का होतं? आम्ही दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जातो, असं काही दिसलं तर काय करावं?
*– अकरावीची विद्यार्थिनी, दोंडाईचा*

उत्तर : बेटा, पाणी त्याचं वजन उचलून धरतं. वाळूवर तेच वजन त्याच्या फुप्फुसांवर आणि स्नायूंवर पडतं. कातडीखालच्या चरबीच्या जाड थरामुळे उन्हात अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. आणि दूधपितं पिल्लू आईपासून तुटलेलं असेल तर पाण्यात परत सोडूनही त्याला पाजणारं कोणी नसतं. त्या लोकांची मेहनत कमी पडली असं मुळीच नाही.

आपली तापी सुरतेपलीकडे ज्या अरबी समुद्राला मिळते तिथले हंपबॅक उत्तरेला जातच नाहीत, बारा महिने याच पाण्यात राहतात. ओमानच्या किनाऱ्याकडे ते शंभराहून कमी उरल्याचा अंदाज आहे, त्यामुळे आपल्याकडे एकेक जीव मोलाचा. असं काही दिसलं तर आधी वनविभागाला कळवा. अंगावर ओली फडकी टाका, पाणी शिंपडत राहा, पण डोक्यावरचं श्वासाचं छिद्र मोकळं ठेवा, त्यात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका. शेपटीला दोर बांधून ओढायला कोणी निघालं तर थांबवा, आणि शेपटीच्या टप्प्यात तूही उभी राहू नकोस.