बाथरूम फोडताय? आधी फ्लशचं ठरवा

प्रश्न : सोलापुरात आमचं जुनं एकमजली घर आहे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, बाकी बोअरवर भागवतो. दिवाळीआधी बाथरूम नव्यानं करायचंय. कंत्राटदार मोठा रेन शॉवर लावा म्हणतोय. यजमानांचं म्हणणं, कमोड चांगला आहे, फक्त फ्लशची टाकी बदलू. पाणी खरंच कशानं वाचेल?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, यजमान अर्धे बरोबर आहेत. सुरुवात फ्लशपासूनच करायची. जुन्या टाक्या एका वेळी दहा लिटर तरी सोडतात. ड्युएल फ्लशचं मोठं बटण सहा लिटर सोडतं, छोटं तीन. घरात चार माणसं आणि दिवसाला वीसेक वेळा फ्लश धरला, तर रोजचं शे-सव्वाशे लिटर पाणी सहज वाचतं.

पण फक्त टाकी बदलू नका. जुन्या कमोडची घडणच दहा लिटरच्या लोंढ्यासाठी असते. सहा लिटरमध्ये तो साफ होत नाही, माणूस पुन्हा बटण दाबतो आणि पाणी होतं बारा लिटर! कमोड आणि टाकी एकाच सेटमधली घ्या. दुकानात जाण्याआधी टेप घेऊन मागच्या भिंतीपासून ड्रेनच्या तोंडाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. जुन्या टाइल्सवरच नव्या चढवणार असाल तर ते अंतर इंचभर कमी होतं. कमोड घरी आल्यावर हे लक्षात आलं की मग तोडफोड.

रेन शॉवरला माझा साफ नकार. दहा मीटर उंचीवरून पाणी आलं तर साधारण एक बार प्रेशर मिळतं. तुमची गच्चीवरची टाकी शॉवरच्या वर फार तर तीन मीटर असेल. एवढ्या प्रेशरवर तो मोठा शॉवर नुसता ठिबकेल. मग कंत्राटदार प्रेशर पंप सुचवेल (सुचवणारच!), आणि पंप बसला की मिनिटाला दहा-बारा लिटर चालले. बादलीभर पाण्यात अंघोळ होणाऱ्या घरात शॉवर लावून पाणी वाचत नाही, जाहिरात काहीही म्हणो. हौस असेलच तर मुठीत बंद-चालू करता येणारा हँड शॉवर घ्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सोयीचा पडतो.

एरेटर, म्हणजे नळाच्या तोंडाशी बसणारी, पाण्यात हवा मिसळून धार कमी करणारी जाळी, बेसिनच्या नळाला जरूर लावा. बादलीच्या नळाला लावून काय मिळणार? बादली तेवढीच भरायची, फक्त वेळ जास्त. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी एरेटरची जाळी चोंदते, म्हणून आट्यांवर उघडणारा घ्या. अधूनमधून काढून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचा. ॲसिड नको, क्रोम उडतं.

गीझर कुठे आहे ते लिहिलं नाहीत. स्वयंपाकघराच्या बाजूला असेल, तर आठ-दहा मीटर पाइपातलं थंड झालेलं लिटर-दीड लिटर पाणी प्रत्येक वेळी आधी मोरीत जातं. आता भिंती फोडताच आहात, तर गीझर बाथरूमच्याच भिंतीवर घ्या.

तुमचं घर जमिनीवर आहे, ही मोठी सोय. अंघोळीच्या पाण्याची लाइन संडासापासून वेगळी काढून परसात नारळ किंवा केळीला सोडा. मध्ये एक व्हॉल्व्ह ठेवा, म्हणजे पावसाळ्यात ते पाणी ड्रेनेजकडे वळवता येईल. पालेभाजीला मात्र नको, आणि टाकीत साठवूही नका, दुसऱ्या दिवशी वास मारतं.

टाइल्स लावण्याआधी प्लंबरकडून लाइनची प्रेशर टेस्ट (पाइपात दाब देऊन गळती तपासणं) करून घ्या आणि टेस्टचा पंप रात्रभर जोडलेलाच ठेवायला सांगा. पाइप कुठून कसे गेलेत त्याचे भिंतीला टेप लावून फोटो काढा. सकाळी पंपावरच्या दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा खाली आला नसेल तरच टाइल्सवाल्याला फोन करा.